रीमिक्स दृश्यगीते आणि समाजाची नजर : कोल्हापूरच्या सांस्कृतिक संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

१९७२ साली ‘समाधी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द, राहुलदेव बर्मन यांचे संगीत आणि लता मंगेशकर यांचा स्वर लाभलेले ‘कांटा लगा’ हे त्यातील एक गाणे. त्याच वर्षी व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ आला. त्यातील गाणी कोल्हापूरच्या जगदीश खेबुडकर यांनी लिहिली, राम कदम यांनी स्वरबद्ध केली आणि उषा मंगेशकर यांनी गायिली. दोन्हीकडे शृंगार होता, दोन्हीकडे पडद्यावर नृत्य करणारी स्त्री होती आणि दोन्हीकडे पार्श्वस्वर एकाच घरातील दोन बहिणींचे होते. त्यानंतर तीस वर्षांनी, २००२ मध्ये, टी-सीरीजने ‘डीजे डॉल’ या नावाने ‘कांटा लगा’चे रीमिक्स रूप बाजारात आणले. त्याच्या चित्रफितीने दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जे वादळ उठवले, ते पुढील तीन-चार वर्षे शमले नाही. एकामागून एक जुनी गाणी नव्या ठेक्यावर आणि तोकड्या वस्त्रांत अवतरू लागली. ‘रीमिक्स’ हा शब्द खेड्यापाड्यांतील सीडीच्या दुकानांपर्यंत जाऊन पोहोचला.

कोल्हापूरला या घटनेकडे तटस्थपणे पाहणे काहीसे अवघड होते. मास्टर दीनानाथांच्या निधनानंतर मंगेशकर कुटुंब काही काळ याच शहरात राहिले, मास्टर विनायकांच्या प्रफुल्ल पिक्चर्समध्ये लताबाईंनी उमेदवारी केली आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही पुढे त्यांच्याच मालकीचा झाला. रीमिक्सविषयीची आपली नापसंती लताबाईंनी वेळोवेळी जाहीरपणे व्यक्त केली. त्यामुळे येथील सुशिक्षित वर्गात या दृश्यगीतांविषयीची चर्चा दोन आक्षेपांभोवती फिरत राहिली : जुन्या गाण्यांची विटंबना झाली आणि तरुण पिढी बिघडली. दोन्ही आक्षेप समजण्याजोगे आहेत. तथापि या प्रकरणाचा खरा बोध त्यांत नाही. उत्तान दृश्यगीतांचा समाजावर काय परिणाम होतो, हा प्रश्न आपण बहुधा प्रेक्षकांच्या वर्तनापुरता विचारतो. ज्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते तो वेगळाच आहे. अशा दृश्याचा नफा कोणाकडे जातो आणि त्याचा दोष कोणाच्या पदरी पडतो, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

रीमिक्सचे मूळ

रीमिक्सची लाट म्हणजे अभिरुचीची अचानक झालेली घसरण, असे मानण्याचा प्रघात आहे. प्रत्यक्षात तिची मुळे कायदा आणि बाजारपेठ यांत होती. प्रतिमुद्राधिकार कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(ञ) नुसार, मूळ ध्वनिमुद्रण होऊन दोन वर्षे उलटल्यावर मालकाला सूचना देऊन आणि ठरावीक स्वामित्वधन भरून त्याच गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येत असे. मूळ गायकाची किंवा संगीतकाराची संमती त्यासाठी आवश्यक नव्हती. ऐंशीच्या दशकात कॅसेटच्या धंद्यात याच वाटेने ‘व्हर्जन’ गाण्यांचे पेव फुटले. जुनी लोकप्रिय गाणी नवोदितांच्या आवाजात स्वस्तात मिळू लागली.

नव्वदच्या दशकात या व्यवहारात चित्राची भर पडली. १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये एमटीव्हीची भारतीय वाहिनी सुरू झाली. चोवीस तास गाणी दाखवणाऱ्या वाहिन्यांना चित्रफितींचा अखंड पुरवठा हवा होता. नवे गाणे लिहून, चाल बांधून, लोकांच्या ओठी रुळवण्यापेक्षा आधीच रुळलेले गाणे घेणे कमी जोखमीचे होते. परंतु श्रोत्याला परिचित असलेल्या गाण्यात नवे विकायचे काय? उरले ते दृश्य. कायद्याचे ते कलम ध्वनिमुद्रणापुरते बोलत होते, त्याबरोबर कोणते चित्र दाखवावे याविषयी ते मौन बाळगून होते. या मोकळ्या जागेत रीमिक्सची चित्रफीत जन्मली. तिची उत्तानता हा दिग्दर्शकाचा लहरीपणा नव्हता, तर त्या मालाला मूळ मालापासून वेगळे दाखवणारी ती एकमेव खूण होती.

२०१२ च्या दुरुस्तीने हे कलम वगळून ३१-ग हे नवे कलम आणले. त्यानुसार पाच वर्षांची मुदत घालण्यात आली आणि गीतकार-संगीतकारांच्या स्वामित्वधनातील वाट्यालाही याच दुरुस्तीने संरक्षण मिळाले. तोवर रीमिक्सची पहिली लाट ओसरून गेली होती. कायदा उशिरा येतो, ही तक्रार नवी नाही.

या व्यवहारातील वाटणी पाहण्यासारखी आहे. ‘कांटा लगा’च्या चित्रफितीत झळकलेली शेफाली जरीवाला त्या वेळी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी होती. त्या कामाचे आपल्याला सात हजार रुपये मिळाले, असे तिने पुढे मुलाखतींत सांगितले. गाण्याचा स्वर तिचा नव्हता, शब्द आणि चाल तिची नव्हती, पोशाखाचा आणि कॅमेऱ्याच्या कोनाचा निर्णय तिचा नव्हता. जीन्सच्या वर दिसणारी अंतर्वस्त्राची पट्टी आणि हातातले प्रौढांसाठीचे मासिक, या दोन तपशिलांवर देशभर जी टीका झाली तिचे लक्ष्य मात्र तीच होती. जून २०२५ मध्ये तिचे अकाली निधन झाले, तेव्हा तेवीस वर्षांनंतरही बहुतेक वृत्तांनी तिला त्याच एका गाण्याच्या नावाने ओळखले. ती ध्वनिफीत ज्यांच्या मालकीची होती त्यांची ओळख अशी एका गाण्याला जखडली गेली नाही.

लावणीची साक्ष

‘आपल्याकडे हे नव्हते, हे पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे’ हे विधान परिसंवादांतून वारंवार ऐकू येते. तमाशाच्या आणि मराठी चित्रपटाच्या या भूमीत तरी ते टिकणारे नाही. रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम यांच्या शृंगारिक लावण्यांत देहाचा उच्चार जितका मोकळा आहे तितका कोणत्याही रीमिक्समध्ये नाही. तेव्हा फरक शृंगाराच्या प्रमाणात नाही, तो सादरीकरणाच्या रीतीत शोधावा लागतो.

बैठकीच्या लावणीत गाणारी स्त्रीच अदा करते. एकच ओळ ती पुनःपुन्हा घेते आणि दर वेळी चेहऱ्याने, हाताच्या बोटांनी तिचा निराळा अर्थ दाखवते. समोरचा श्रोता तिला दिसतो, ती त्याला उत्तर देते, प्रसंगी त्याची फिरकीही घेते. नऊवारी साडीत देह जवळजवळ पूर्ण झाकलेला असतो, शृंगार असतो तो शब्दांत आणि नजरेत. सुलोचना चव्हाण यांनी तर दोन्ही खांद्यांवर पदर घेऊन, एका जागी उभे राहून, केवळ आवाजाच्या बळावर महाराष्ट्राला लावणी ऐकवली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्या निवर्तल्या. रीमिक्सच्या चित्रफितीत ही सारी रचना उलटी होते. गाणारी आणि नाचणारी वेगळी, शब्द ठेक्याखाली बुजलेले, आणि कॅमेरा देहाचे तुकडे करून दाखवणारा. पडद्यावरची स्त्री पाहणाऱ्याला पाहू शकत नाही. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रपटातील ज्या पुरुषी नजरेचे विश्लेषण केले, तिचे इतके उघड उदाहरण हिंदी चित्रपटातही क्वचितच सापडेल.

येथे एक सावधगिरी हवी. या तुलनेने लावणीला सोवळे करून घेण्याचा मोह होतो आणि तो इतिहासाशी प्रामाणिक नाही. शर्मिला रेगे यांनी १९९५ च्या शोधनिबंधात दाखवल्याप्रमाणे लावणीची परंपरा जातिव्यवस्थेपासून वेगळी काढता येत नाही. गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रिया ठरावीक जातींतून आल्या, त्यांच्या तोंडी घातलेली वासना बहुतांशी पुरुष शाहिरांनी लिहिली आणि चित्रपटाने लावणी उचलली तेव्हा कीर्ती व पैसा त्या स्त्रियांकडे गेला नाही. दौलतजादा करणारा रसिक ठरला, ती स्वीकारणारी मात्र ‘तसली’ ठरली.

कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीचा आरंभही याच अनुभवाने झाला. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’त (१९२०) स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पडद्यावर कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्या काळी कॅमेऱ्यासमोर येण्यास तयार नव्हत्या, आणि ज्या आल्या त्यांना नाव बदलावे लागले. याच चित्रपटातील कीचकवधाचे दृश्य प्रेक्षकांना असह्य झाल्याने वगळावे लागले, अशी नोंद आहे. दृश्याच्या परिणामाची चर्चा या शहरात शंभर वर्षांपूर्वीच झाली, फक्त तेव्हा भय रक्ताचे होते.

पुढे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) कमालीचा लोकप्रिय झाला. त्यातील प्रमुख अभिनेत्री हंसा वाडकर यांनी १९७० मध्ये त्याच नावाने आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. पडद्यावरच्या झगमगाटाची घरात आणि समाजात किती किंमत मोजावी लागते याचा इतका निर्भीड दस्तऐवज मराठीत दुसरा क्वचितच असेल. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) त्यावर आधारलेला आहे. रीमिक्सविषयी व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक आधी वाचावे, असे सुचवावेसे वाटते.

परिणाम म्हणजे नेमके काय?

दृश्यगीते पाहून तरुण गुन्हे करतात, हे विधान सभांतून टाळ्या मिळवते. पुराव्याच्या कसोटीवर मात्र ते अडखळते. अल्बर्ट बांडुरा यांच्या १९६१ च्या प्रयोगात मोठ्यांचे आक्रमक वर्तन पाहिलेल्या मुलांनी त्याचे अनुकरण केले, हे खरे. परंतु प्रयोगशाळेतील काही मिनिटांचे अनुकरण आणि समाजातील वर्षानुवर्षांचे वर्तन यांत मोठे अंतर आहे. जॉर्ज गर्बनर यांचा संवर्धन सिद्धांत अधिक उपयुक्त ठरतो. माध्यमे एखादे कृत्य करायला लावत नाहीत, तर जग कसे आहे याविषयीची कल्पना हळूहळू घडवतात, असे तो सांगतो. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या कृतिदलाने २००७ च्या अहवालात मुलींच्या लैंगिकीकरणाचा संबंध स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी, खाण्याच्या सवयींतील विकार आणि खिन्नता यांच्याशी जोडला. संगीतफिती हे त्या अहवालातील एक महत्त्वाचे माध्यम होते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या हानीची नोंद तेथे सर्वाधिक स्पष्ट आहे ती पाहणाऱ्या मुलीची आहे. आपल्याकडील चर्चेत मात्र चिंता असते ती पाहणाऱ्या मुलाची, तो बिघडेल याची.

ही चिंता किती जुनी आहे हे ‘पिंजरा’ पाहिल्यावर कळते. गावातून तमाशा हाकलून लावायला निघालेले आदर्श गुरुजी नाचणारीच्या मोहात पडतात आणि सर्वस्व गमावतात. ही कथा १९३० च्या ‘द ब्लू एंजल’ या जर्मन चित्रपटाची. तिकडेही नायक शिक्षकच होता. पाहणाऱ्याचा अधःपात ही शोकांतिका ठरते, पाहिली जाणारीचे आयुष्य ही केवळ पार्श्वभूमी. शिक्षकी पेशातील वाचकांना या कथेची ओढ का वाटावी, हे वेगळे सांगायला नको. खेबुडकर स्वतः शिक्षक होते आणि तरीही, किंवा म्हणूनच, त्या चित्रपटातील नाचणारीला त्यांनी बोलके केले.

सर्वच प्रेक्षक एकच अर्थ घेतात असेही नाही. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडल्याप्रमाणे प्रेक्षक संदेश स्वीकारतो, त्याच्याशी तडजोड करतो किंवा तो उलटवतो. ‘कांटा लगा’मधील तरुणी केवळ पाहिली जाणारी नव्हती. मासिक चाळणारी, आपली इच्छा न लपवणारी अशी ती होती आणि त्यामुळेच काही तरुणींना ती आवडली असणे शक्य आहे. या गोंधळाला दाद न देता तिला केवळ ‘अश्लील’ ठरवणे सोपे होते.

कोल्हापूरच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत हाच गोंधळ रस्त्यावर दिसतो. महाद्वार रोडवर डॉल्बीच्या भिंती उभ्या राहतात, त्यांच्या आवाजावरून दर वर्षी पोलीस आणि मंडळे यांच्यात संघर्ष होतो. त्या भिंतींतून वाजणारी कितीतरी गाणी पडद्यावर स्त्रीच्या नृत्यासाठी रचलेली असतात. मिरवणुकीत त्यांवर नाचतात ते मात्र पुरुष, तिच्याच अदांची नक्कल करीत. ध्वनीच्या पातळीवर तक्रार होते, ती योग्यही आहे. गाण्यातली स्त्री गायब झाली तरी तिच्या हालचाली पुरुषांच्या अंगात उतरल्या, याला काय म्हणावे, याचा विचार लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेसा केलेला दिसत नाही.

नियमन : केबलपासून मोबाइलपर्यंत

दूरचित्रवाणीवरील प्रौढ दृश्यांविरुद्ध मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २००५-०६ मधील त्या प्रकरणाच्या आदेशांमुळे केबलवरील चित्रपटांच्या प्रमाणपत्राचा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट २००६ मध्ये केबल दूरचित्रवाणी नियमांत दुरुस्ती होऊन, सर्वांना पाहण्यायोग्य असे सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय चित्रपटगीत वा म्युझिक व्हिडिओ केबलवर दाखवता येणार नाही, असे ठरले. एका प्राध्यापिकेच्या चिकाटीने एवढे घडू शकते, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

मात्र हा नियम केबलवाल्यापुरता होता. यूट्यूबची भारतीय आवृत्ती २००८ मध्ये आली, २०१६ पासून मोबाइलवरचा डेटा कमालीचा स्वस्त झाला. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि महिनाभरातच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केल्या. दिवाणखान्यातील एका पडद्यावर घरातील वडीलधाऱ्यांचा वचक होता. हातातल्या पडद्यावर तो राहिला नाही. शिवाय आता प्रेक्षकच निर्माताही झाला. मूळ गाण्याच्या वीस सेकंदांवर कोणीही नाचू शकतो आणि कोणाच्याही नाचाचे चित्रण करू शकतो.

कायद्याची अश्लीलतेची कसोटीही बदलत गेली आहे. रणजित उदेशी खटल्यात (१९६४) सर्वोच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातील हिक्लिन कसोटी ग्राह्य धरली होती. अवीक सरकार प्रकरणात (२०१४) ती बाजूला सारून समकालीन समाजमानाची कसोटी स्वीकारण्यात आली. कलाकृतीचा सुटा भाग न पाहता ती समग्रपणे पाहावी, असे ही कसोटी सांगते. वीस सेकंदांच्या रीलला समग्रता कोणती, हा प्रश्न मात्र त्या निकालाच्या वेळी कोणापुढे नव्हता.

दोषाची वाटणी

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे संहितांच्या तपासणीच्या अटीवर ती उठवली. उपासमार झाली ती फडातील कलावंतांची. २००५ मध्ये महाराष्ट्राने डान्सबारवर बंदी आणली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती घटनाबाह्य ठरवली आणि २०१९ मध्ये नव्या कायद्यातील अनेक अटी रद्द केल्या. मधल्या काळात रोजगार गेला तो नाचणाऱ्या स्त्रियांचा. रीमिक्सच्या काळातही हेच झाले. दर वेळी हेतू समाजाच्या रक्षणाचा होता, आणि दर वेळी जी दिसत होती तिच्यावरच कारवाई सोपी होती. पाहणाऱ्यावर कारवाई करणे अवघड, आणि मालकावर करणे त्याहून अवघड.

फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभर लोकप्रिय असलेल्या एका नर्तकीचे कपडे बदलतानाचे चित्रण चोरून करण्यात आले आणि समाजमाध्यमांवर पसरवले गेले. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, गुन्हा नोंदला गेला. असे चित्रण करणे २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४-ग नुसार दंडनीय होते, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार आहे. तरीही त्या दिवसांतील चर्चेत, तिच्या नाचाच्या पद्धतीमुळेच हे ओढवले, असा सूर लपला नव्हता.

महाविद्यालयांना हा विषय परका नाही. स्नेहसंमेलनाच्या आधी सांस्कृतिक समिती गाण्यांची यादी तपासते. लावणी ‘लोककला’ म्हणून मान्य होते, तशाच अदांचे रीमिक्स गाणे नामंजूर होते. मुलींच्या पोशाखाची उंची पाहिली जाते, मुलांच्या उघड्या छातीविषयी सहसा कोणी बोलत नाही. कार्यक्रम सुरू झाला की सभागृहात शेकडो मोबाइल वर होतात. एखाद्या विद्यार्थिनीच्या नृत्याची फीत तोडून-जोडून, खाली शेरे लिहून, संध्याकाळपर्यंत गटागटांतून फिरते. ती दुसऱ्या दिवशी वर्गात येत नाही. घरी कळले तर पुढचे शिक्षणही धोक्यात येते, कारण पालकांच्या लेखी महाविद्यालयानेच तिला रंगमंचावर उभे केलेले असते. मग पुढच्या वर्षी समितीच्या बैठकीत मुलींची नृत्येच कमी करावीत असा ठराव येतो, आणि फीत फिरवणाऱ्याचे नाव त्या बैठकीच्या इतिवृत्तात येत नाही. सहभागाच्या परवानगी-अर्जात गाण्याचे नाव, कालावधी आणि वेशभूषा असे रकाने सहसा असतात. चित्रण कोण करणार, ते कोणाकडे राहणार आणि ते पुढे पाठवले गेल्यास कोणावर कारवाई होणार, यासाठी रकाना क्वचितच असतो.